बाळाचा पहिला घास आणि बिस्किटाचा पुडा



वसंतातल्या व्याख्यानमालेत एरवी इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंक्तीला ‘दात येणाऱ्या बाळाच्या हातात काय द्यावे’ हा प्रश्न येऊन बसलेला पाहून कोणाला हसू आले तर नवल नाही. पण हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हातरी उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळ वेळा कोपऱ्यावरच्या दुकानातून पुड्याच्या रूपाने येते. हे उत्तर आपल्या मुलांना मानवत आहे काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

मानवत नाही असे मानावयास सबळ कारण आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलांच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले. सहा ते तेवीस महिन्यांच्या ज्या मुलांना वयाच्या मानाने पुरेसा आणि विविध आहार मिळतो, त्यांचे प्रमाण देशात अवघे ११.३ टक्के निघाले. हा केवळ दारिद्र्याचा परिणाम म्हणून सोडून देता येत नाही, कारण रक्त कमी असलेल्या मुलांत खाऊनपिऊन सुखी घरांतली मुलेही मोठ्या संख्येने आहेत. घरात अन्न असते; ते बाळाच्या मुखी जात नाही. त्याच्या जागी दुसरेच काहीतरी जाते.

दात आणि भूक यांची गल्लत

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. दात येणे ही एक गोष्ट आणि अन्न सुरू करणे ही दुसरी. दोन्ही एकाच सुमारास घडतात म्हणून आपण त्यांचे नाते जुळवतो. वास्तविक बाळाला सहा महिने पूर्ण झाले की, दात आलेले असोत वा नसोत, आईच्या दुधाच्या जोडीला अन्न हवे असते. जन्मतः मिळालेली लोहाची शिल्लक या सुमारास संपत येते आणि दुधात लोह फार थोडे असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस हीच आहे: सहा महिने निव्वळ आईचे दूध, नंतर घन अन्न, आणि दोन वर्षे व त्यापुढेही स्तनपान चालू. आपल्याकडे उष्टावण मुलाचे सहाव्या-आठव्या आणि मुलीचे पाचव्या-सातव्या महिन्यात करण्याचा प्रघात आहे. चांदीच्या वाटीतली खीर मामाच्या हातून भरवण्याचा हा सोहळा अवश्य करावा. मात्र मुलगा असो वा मुलगी, १८० दिवस पूर्ण होऊ द्यावेत. पाचव्या महिन्याच्या मुहूर्तासाठी घाई करू नये. आणि एकदा खीर भरवली की पुन्हा दोन महिने नुसत्या दुधावर ठेवण्याची चूकही करू नये.

दातांचे वेळापत्रक वेगळे आहे. पहिले दोन दात बहुधा खालच्या हिरडीत सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान दिसतात. ज्यांनी चावायचे त्या दाढा तेरा महिन्यांच्या पुढे येतात. सगळे वीस दुधाचे दात पुरे व्हायला अडीच-तीन वर्षे लागतात. दाढांची वाट पाहावयाची तर बाळ वर्षभर पेजेवरच राहील. पण हिरड्या वाटतात तेवढ्या दुबळ्या नसतात. मऊ शिजलेला भोपळा, केळे, इडली त्या उत्तम रीतीने चिरडतात. ज्याला याची शंका असेल त्याने बाळाच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे.

दात येताना लाळ गळते, बाळ किरकिरते, हाती लागेल ते चावते. पण १०० अंश फॅरनहाइटच्या वर जाणारा खरा ताप आणि पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती याच वयात ओसरते आणि याच वयात बाळ जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालू लागते; जुलाबाचे कारण बहुधा तेथे असते. ‘दात येताहेत’ म्हणून घरी बसून राहणे धोक्याचे आहे. हिरडी दुखत असेल तर स्वच्छ बोटाने हलके चोळावे, किंवा धुतलेले ओले गार फडके चावायला द्यावे. हिरड्या बधिर करणारी बेंझोकेनयुक्त मलमे दोन वर्षांखालील मुलांना लावू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे. या सर्वांत बिस्किटाचे काम कोठेच पडत नाही, हे ध्यानात घ्यावे.

बिस्किटाची कुळकथा

‘बिस्कीट’ या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ ‘दोनदा भाजलेले’. दोनदा भाजून पाणी उडवले की पदार्थ टिकतो. जहाजावरच्या खलाशांना आणि फौजेतल्या शिपायांना अशा टिकाऊ अन्नाची गरज होती. आपला टोस्ट याच कुळातला. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा फराळ झाला, तेव्हा त्यावरून केवढे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी कशी आली, हे आपण सारे जाणतो. तेव्हाचा आक्षेप धर्माचा होता आणि तो काळाबरोबर गेला, हे चांगलेच झाले. पण ज्या चहा-बिस्किटाने मोठ्यामोठ्यांना अडचणीत आणले ते आता आठ महिन्यांच्या बाळापुढे बशीत येते, आणि त्याबद्दल कोणी ब्रही काढत नाही! आजचा आक्षेप धर्माचा नाही, गणिताचा आहे.

चमचाभर पोटाचे गणित

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० उष्मांक अन्नातून हवे असतात. नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००. आणि वर्ष उलटल्यावर सुमारे ५५०. एवढ्याशा जागेतच लोह, जस्त, चुना, प्रथिने, सारे बसवावयाचे असते. आता बाजारातले साधे ग्लुकोज बिस्कीट घ्या. शंभर ग्रॅमला सुमारे ४५० उष्मांक, आणि त्यात साखर जवळजवळ पाव हिस्सा. एक बिस्कीट पाच ग्रॅमचे धरले तर चार बिस्किटांत ९० उष्मांक झाले. म्हणजे सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन बिस्किटे भिजवून भरवली की बाळाच्या दिवसाच्या अन्नाची जवळजवळ निम्मी जागा भरली! तीही कशाने? मैदा, साखर आणि पामतेल यांनी. शिवाय चमचाभर साखर पोटात गेली ती वेगळीच.

भिजवण्यासाठी चहा असेल तर हानी दुप्पट होते. चहातील टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते रक्तात शोषले जाऊ देत नाही. म्हणजे आधी लोह नसलेले अन्न दिले, आणि इतर अन्नातून येणाऱ्या लोहाचीही वाट अडवली. बाळाचे पोट भरलेले दिसते, ते रडत नाही, वजनही कधीकधी बरे असते. म्हणून ही हानी कोणाच्या नजरेस येत नाही.

आणखी एक गोष्ट दातांची. ज्या दातांच्या स्वागतासाठी बिस्कीट आणले, त्यांनाच ते पहिले कीड लावते. भिजलेल्या मैद्या-साखरेचा लगदा दाताला चिकटून बसतो आणि तोंडातले जंतू त्याचे आम्ल करतात. ‘दुधाचे दात पडायचेच आहेत’ असे म्हणून भागत नाही. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. पहिला दात दिसला की तो रोज घासावा.

हातात द्यावयाच्या घासाच्या कसोट्या

मग बाळाच्या हातात काहीच देऊ नये काय? अवश्य द्यावे. मिक्सरमधून काढलेल्या गुळगुळीत लगद्यावर मुलाला फार दिवस ठेवणेही हिताचे नाही. इंग्लंडात एव्हन परगण्यात १९९१-९२ साली जन्मलेल्या हजारो मुलांची अनेक वर्षे पाहणी झाली. तीत असे दिसले की, ज्यांना गुठळ्यांचे, चावण्याजोगे अन्न नऊ महिन्यांनंतर मिळू लागले ती मुले सात वर्षांची झाल्यावरही खाण्याच्या अधिक कुरबुरी करीत आणि मोजकेच पदार्थ खात. चावणे ही शिकण्याची विद्या आहे, आणि तिचे वय सहा ते नऊ महिने हे आहे.

बाळ आधाराने बसू लागले, मान स्थिर झाली आणि जीभ घास बाहेर ढकलेनाशी झाली की ते या विद्येला तयार झाले असे समजावे. त्याच्या हातात जाणाऱ्या पदार्थाला तीन कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी मऊपणाची. अंगठा आणि तर्जनी यांत धरून दाबला तर तो चिरडला पाहिजे. आपल्या दोन बोटांना जे जमत नाही ते बाळाच्या दोन हिरड्यांनाही जमणार नाही.

दुसरी आकाराची. सहा-सात महिन्यांचे बाळ वस्तू सगळ्या मुठीत धरते आणि मुठीत गेलेला भाग त्याला खाता येत नाही. म्हणून तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब असावा, म्हणजे मुठीबाहेर निम्मा उरतो. नऊ-दहा महिन्यांना बाळ अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत वस्तू उचलू लागते. मग तूरडाळीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, मऊ तुकडे ताटात ठेवावेत.

तिसरी सत्त्वाची. हा पदार्थ बाळाच्या पोटातली जागा अडवणार आहे; तिचे भाडे तो देतो काय? लोह, प्रथिने, चुना, जीवनसत्त्वे यांपैकी काही तरी त्याने दिलेच पाहिजे.

आपल्याच स्वयंपाकघरात

या तिन्ही कसोट्यांना उतरणारे पदार्थ आपल्या घरात रोज होतात. लाल भोपळा, दुधी, गाजर, रताळे, बटाटा यांच्या बोटाएवढ्या फोडी कुकरमध्ये वरणाच्या शेजारी ठेवल्या की झाले. पिकलेले केळे अर्धे कापून खालची साल तशीच ठेवावी, म्हणजे ते हातातून निसटत नाही. इडलीचे लांबट तुकडे वरणात ओले करून द्यावेत. मुगाचे धिरडे, नाचणीचे घावन, मिरची न घातलेले मऊ थालीपीठ यांच्या पट्ट्या कापाव्यात. पोळीचा कोरडा तुकडा तोंडात गोळा होऊन टाळूला चिकटतो; पोळी आणि भाकरी वरणात भिजवूनच द्यावी. ज्यांच्या घरी चालते त्यांनी पुरे उकडलेले अंडे, काटे काळजीपूर्वक काढलेला मऊ मासा, मऊ शिजवलेली कलेजी थोडी थोडी द्यावी. लोह मिळण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे. शाकाहारी घरांत वरणावर लिंबू पिळावे. लिंबातले क जीवनसत्त्व डाळीतले लोह अंगी लागावयास मदत करते.

नाचणीचे कौतुक करावे तेवढे थोडे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्राम चुना असतो, तांदळापेक्षा कितीतरी पट अधिक. आपल्या आजीचे नाचणीसत्त्व या कसोटीवर पूर्ण उतरते, फक्त त्यात साखर-गूळ घालू नये.

हिरड्यांना चावण्याची शिवशिव असेल तर या दिवसांत आंबा आहेच. चाकूने गर काढून घेतलेली कोय बाळाच्या तोंडात मावत नाही, ते ती दोन्ही हातांनी धरून चोखते. आपण समोर बसावे, आणि कोयीचे तंतू सुटू लागले की ती काढून घ्यावी. या खेळण्याला दुकानात जावे लागत नाही.

काय देऊ नये

शेंगदाणे, फुटाणे, काजू, बदाम हे अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत. बाळाची श्वासनलिका जेमतेम त्याच्याच करंगळीएवढी असते, आणि शेंगदाणा तीत नेमका बसतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना मुलांच्या श्वासनलिकेतून वरचेवर जे काढावे लागते त्यात शेंगदाणा पुढे असतो. अख्खे द्राक्ष, बोर, कच्च्या गाजराचे वा सफरचंदाचे तुकडे, मक्याच्या लाह्या, चिक्की, चकली हे त्याच यादीत. द्राक्ष द्यावयाचे तर उभे चार भाग करून बिया काढून द्यावे. काही घरांत दात शिवशिवतात म्हणून सुकी खारीक चघळायला देतात. ती लाळेने भिजली की तिचा चिवट तुकडा अवचित सुटतो, म्हणून ती टाळावी. भिजवून वाटलेली खारीक मात्र थोडी खिमटात चालेल.

मध एक वर्षाच्या आत बोटभरही देऊ नये, जन्मल्या दिवशी चाटवण्याचा प्रघात असला तरी. मधात कधीकधी एका जंतूची बीजे असतात. ती तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष निर्माण करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. हा आजार १९७६ साली अमेरिकेत ओळखला गेला. घरच्या शिजवण्याभाजण्याने ही बीजे मरत नाहीत, म्हणून मध घातलेली बिस्किटेही वर्षभर वर्ज्य समजावीत. मिठाचे म्हणाल तर पहिल्या वर्षात दिवसाला एक ग्रॅमहूनही कमी पुरते. बाळाचा वाटा मीठ घालण्यापूर्वी काढून ठेवावा.

शेंगदाण्याची दुसरी बाजू

अख्खा शेंगदाणा घातक, पण शेंगदाणा नव्हे. इस्राएलमध्ये ‘बाम्बा’ नावाचा एक खाऊ आहे: फुगवलेला मका आणि शेंगदाण्याचा लगदा, तोंडात घालताच विरघळतो, म्हणून तेथील बाळे तो लहानपणापासून खातात. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधील मुलांच्या सुमारे दहा पट आहे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत दिसले. वंश एक, फरक खाण्याचा. तेव्हा लंडनमध्ये ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग झाला. २०१५ साली निष्कर्ष आला तो असा: ज्यांना पाच वर्षे शेंगदाण्यापासून दूर ठेवले त्यांच्यापैकी १७.२ टक्क्यांना ॲलर्जी झाली, ज्यांना लहानपणापासून नेमाने दिला त्यांच्यापैकी ३.२ टक्क्यांना. दाण्याचा कूट तर आपल्या डब्यात असतोच. तो अगदी बारीक करून वरणात वा भाजीत कालवून द्यावा. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंडे सोसत नसेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

ठसका आणि गुदमरणे

हातात तुकडा दिला की आजीबाईंचा जीव वरखाली होतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणून दोन गोष्टींतला भेद ओळखावा. घास थोडा मागे गेला की बाळाला उमासा येतो, ते खोकते, लाल होते, घास पुढे ढकलते. ही निसर्गाची राखण आहे. या वयात उमासा जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागापासूनच येतो. अशा वेळी तोंडात बोट घालू नये. घास उलट आत जातो. गुदमरणे वेगळे. ठसक्याला आवाज असतो, गुदमरणे मुके असते. बाळ खोकू शकत नाही, रडू शकत नाही, निळे पडू लागते. अशा वेळी बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून घ्यावे आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. घास निघाला नाही तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब द्यावेत. हे आळीपाळीने चालू ठेवावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. बाळ निपचित पडले तर छातीदाब आणि श्वास देण्याची क्रिया सुरू करावी लागते. हे सारे वाचून येत नाही. जाणत्याकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे. बाळाने बसूनच खावे, कोणीतरी समोर असावे, आणि धावत्या वा निजलेल्या मुलाच्या तोंडात काही नसावे, एवढा नेम पाळला तर ही वेळ सहसा येत नाही.

बिस्कीट घ्यावयाचेच असेल तर

प्रवास असतो, आजारपण असते. बिस्किटाला घराबाहेरच काढा असे सांगणे व्यवहार्य नाही. मग पुडा उलटा करून वाचावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. साखर पहिल्या तिघांत असेल तर पुडा परत ठेवावा. साखर अनेक नावांनी येते: ग्लुकोज, इनव्हर्ट सिरप, मध, गूळ, खजुराचा पाक. माल्टोडेक्स्ट्रिनही दातांच्या दृष्टीने साखरेचे भावंडच. पुड्यावर नाचणीचे कणीस मोठे असेल तर नाचणी टक्के किती, ते बारीक अक्षरांत शोधावे. मग एक तुकडा आपण तोंडात ठेवून न चावता पाहावा. लाळेने विरघळला तर ठीक. टणक राहून खापरीसारखा तुटत असेल तर बाळाला नको.

आपल्याकडे १९९२ साली झालेला आणि २००३ साली अधिक कडक केलेला कायदा दोन वर्षांखालील बालकांच्या अन्नाची जाहिरात करण्यास मनाई करतो. साधे बिस्कीट मात्र तान्ह्या बाळासाठी बनवलेलेच नसते, त्यामुळे त्याची जाहिरात सर्वांसाठी मोकळी असते. ते बाळाचे अन्न आपणच ठरवले आहे. दुकानदाराला दोष देऊन काय उपयोग?

शेवटी, बिस्कीट भरवणाऱ्या आईला बोल लावणे हा या व्याख्यानाचा हेतू नाही. कामावर जाणाऱ्या बाईला, नातवंडे सांभाळणाऱ्या थकल्या आजीला पाच रुपयांचा पुडा सोयीचा वाटतो, कारण तो शिजवावा लागत नाही, नासत नाही, आणि बाळ लगेच गप्प होते. म्हणून जे सांगितले ते तितकेच सोयीचे असले पाहिजे. केळे सोलावे लागते, शिजवावे लागत नाही. भोपळ्याची फोड कुकरात आयती शिजते. घरातल्या पुरुषांनी सकाळी बाळाचे वरण मीठ घालण्यापूर्वी वाटीत काढून ठेवले, संध्याकाळी येताना पुड्याऐवजी दोन केळी आणली, तर निम्मे काम झाले. उष्टावणाच्या वाटीत जे वाढले जाते त्याचे कौतुक एक दिवसाचे असते. त्यानंतर वर्षभर त्या वाटीत काय पडते, यावर मुलाचे रक्त आणि हाड ठरते.